कॉम्प्युटर रूममधली नावाडीण

“बरं झालं बाई, आता शनवारी दुपारची गाडी घावंल मला.”

लेडीज रूममधल्या पत्र्याच्या पार्टिशनपलीकडून हे वाक्य आलं. मी अलीकडे माठाच्या नळाखाली बाटली धरून उभी होते. आवाज ओळखीचा होता. ती पुणतांब्याहून पॅसेंजरने श्रीरामपूरला कॉलेजला यायची, म्हणून आमच्यात तिला पुणतांब्याचीच म्हणत. तिच्याबरोबरच्या मुलीने विचारलं, “का गं, तुमचा त्यो खेळ बंद झाला व्हय?”

“खेळ चालू हाय. माझी नावाडीन बुडाली. मशीन म्हनलं, मेली. मग तिथं बसून काय करू?”

दोघी हसल्या. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, कारण रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. ती मात्र सुटल्यासारखी बोलत होती. बाटली भरून पाणी मनगटावरून वाहायला लागलं, तेव्हा मी नळ बंद केला आणि त्या दोघी बाहेर जाईपर्यंत तिथेच थांबले.

शनिवारी आमचं कॉलेज सकाळचं असायचं. दुपारची पॅसेंजर तिला सहज मिळायची. पण वर्षभर ती गाडी सोडून ती संध्याकाळच्या गाडीने घरी जात होती. घरी तिने सांगितलं होतं की शनिवारी जादा प्रॅक्टिकल असतं. हे फक्त खेळणाऱ्या आम्हा चौघांना माहीत होतं. नाकासमोर चालणारी ती मुलगी वर्षभर आईवडिलांशी एकच खोटं बोलली होती, ते त्या खेळासाठी. आणि तिची नावाडीण बुडाली तेव्हा कीबोर्डवर बोटं माझी होती.

खेळ मी आणला होता. अमेरिकेतला मामेभाऊ एका सुट्टीत नगरला आमच्याकडे आला होता, तो जाताना एका खेळाचं पातळ पुस्तक विसरून गेला. त्यात बोर्ड नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि “मी आता हे करतो” असं सांगायचं. ते जमतं की नाही हे फाशांवर ठरायचं. फासे आठ बाजूंचे, वीस बाजूंचे, नगरच्या कुठल्याही दुकानात न मिळणारे. मी ते पुस्तक तीनदा वाचलं. मग एका दोनशे पानी वहीत त्याचे नियम मराठीत लिहायला घेतले आणि लिहिता लिहिता ते बदलत गेले. ड्रॅगन गेले. राजवाडे गेले. एक मोठी नदी आली, तिच्या काठाने मीठ घेऊन जाणारा तांडा आला, दर मुक्कामाला एक गाव आणि गावात एक अडचण आली.

मी नगरच्या इंग्लिश मीडियम शाळेत शिकलेली. कॉलेजसाठी श्रीरामपूरला मावशीकडे राहायला आले, तेव्हा वर्गात तोंड उघडलं की कोणीतरी मागे वळून बघायचं. माझं मराठी चुकत नव्हतं, पण ते पुस्तकातल्यासारखं यायचं, आणि घाईत असले की मधेच इंग्रजी यायचं. मग मी बोलणं कमी केलं. वहीत मात्र मी धीट होते. तो खेळ सांगायचा म्हणजे तासन्‌तास बोलायचं, आणि तेव्हा माझ्याकडे कोणी बघत नसे. सगळे नदीकडे बघत असत.

आम्ही चौघं होतो. कोल्हारचा मुलगा व्यापारी झाला होता. त्याचा व्यापारी वाटेत भेटलेल्या दरोडेखोराशीसुद्धा घासाघीस करायचा. बेलापूरचा मुलगा लोहार झाला, शांत आणि हिशेबी, तो प्रत्यक्षातही तसाच होता. पुणतांब्याची नावाडीण झाली. तिचं शेत गोदावरीच्या काठाला होतं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, “नदीला पूर आला आहे, पलीकडे जायचं आहे.” तर तिने विचारलं, “पानी चढतंय का उतरतंय?” मला उत्तर माहीत नव्हतं. त्या पुस्तकातही नव्हतं. मी म्हटलं, उतरतंय. “मग थांबू की. उतरतं पानी काठ सोडताना लई चिखल करतं, पन घात करत न्हाई.” त्या दिवसापासून नदीबद्दल मी तिला विचारायला लागले. गोष्ट माझी होती, पाणी तिचं होतं.

फाशांचा प्रश्न कोल्हारच्याने सोडवला. चिंचोके भाजून फोडले, कँटीनमागच्या सिमेंटच्या बाकावर घासून सपाट केले आणि चार फाका तयार केल्या. एक बाजू काळी, एक पांढरी. लहानपणी सगळ्यांनी खेळलेला हिशेब होता तो. जितक्या पांढऱ्या तितके आकडे, आणि चारही काळ्या पडल्या की आठ. आमच्या खेळात आठ म्हणजे घात. ज्याची भीती, तेच होणार. आठ क्वचित पडायचे. पडले की बाकावरचा चहा तसाच राहायचा आणि सगळे माझ्याकडे बघायचे, आता ही काय सांगते म्हणून.

कॉम्प्युटर बेलापूरच्यामुळे आला. त्याला प्रोग्रॅमिंग चांगलं यायचं. माझ्या वहीतल्या गिचमिडीचा त्याला त्रास व्हायचा. कोणाकडे किती दोर, किती मीठ, कोणाला किती जखमा, हे सारखं मागची पानं उलटून बघावं लागायचं. त्याने महिनाभर बसून प्रोग्रॅम लिहिला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. फाका टाकायचं काम मशीन करणार, सामान मशीन लक्षात ठेवणार, आणि प्रत्येक प्रसंगात काय काय करता येईल ते पडद्यावर येणार, एक, दोन, तीन. आपण आकडा दाबायचा. सगळं इंग्रजीत, कारण त्या मशीनवर मराठी अक्षरं उमटायची नाहीत.

कॉम्प्युटर रूमच्या सरांना ते फार आवडलं. गॅदरिंगला प्रदर्शन भरणार होतं, त्यात ठेवायचं ठरलं. सरांनी सुरुवातीच्या पडद्यावर कॉलेजचं नाव घालायला लावलं, भोवती चांदण्यांची चौकट. प्राचार्यांची सही घेतलेला कागद भिंतीवर चिकटला. “आता ही अधिकृत आवृत्ती,” सर मला म्हणाले. “वहीबिही नको. दोन ठिकाणी दोन नियम झाले की गोंधळ होतो. आणि तुमचं इंग्रजी चांगलं, टायपिंग चांगलं. पडद्यासमोर तुम्ही बसा.”

मला ते आवडलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. पडद्यासमोर बसलं की सगळ्यांकडे पाठ होते. बोलायचं काम मशीन करतं. कोणी काही विचारलं तर पडद्याकडे बोट दाखवता येतं. पहिल्या शनिवारी मी चप्पल बाहेर काढून त्या गार खोलीत शिरले तेव्हा मला सुट्टी लागल्यासारखं वाटलं होतं.

त्याच शनिवारी नावाडीण बुडाली. तांडा नदी ओलांडत होता. पडद्यावर तीन पर्याय आले, वल्हवा, पोहा, मागे फिरा. मी ते मराठीत वाचून दाखवले. पुणतांब्याची माझ्या खुर्चीमागे उभी होती. ती म्हणाली, “वल्हवीन. पन दोर बांधलेला हाय. गेल्या येळंला बांधला हुता, अलीकडच्या झाडाला.”

तिने तो खरंच बांधला होता. मागच्या शनिवारी, कँटीनमागे. वहीत माझ्याच हस्ताक्षरात होतं.

मी एक दाबला. मशीनने आठ टाकले. नाव उलटली. परत दाबला, परत आठ. मग इंग्रजीत ओळ आली, तुमचा मृत्यू झाला आहे, पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा.

“दोराचं काय?” तिने विचारलं.

बेलापूरचा म्हणाला, “दोराचा पर्याय नाही ठेवला मी. दुसरी व्यक्ती घे की, पटकन तयार होते.”

मी वळून बघितलं नाही. मी एक कळ दाबली आणि पुढे गेले.

लेडीज रूममधलं बोलणं ऐकल्यावर मी घरी आले आणि वही काढली. माझं पहिलं म्हणणं होतं की मशीन चुकतंय. आठ इतक्या वेळा कसे पडतात? मावशीकडे फोडलेले चिंचोके होतेच. मी ओट्याजवळ जमिनीवर बसून शंभर वेळा टाकले आणि प्रत्येक वेळी रेघ ओढली. मावशी कणीक मळता मळता बघत होती.

“परीक्षा आहे का ह्याची?”

“नाही.”

“मग हात असा फिरवू नकोस. वरून सोड. आमच्या लहानपणी असं फिरवणाऱ्याला आम्ही डावातून उठवायचो.”

मी वरून सोडले. शंभरात आठ फक्त सहा वेळा पडले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर रूममध्ये मशीनचे शंभर मोजले. आठ एकोणीस वेळा.

बेलापूरच्याला मी रेघांचा कागद दाखवला. तो रेघा मोजून कपाळावर हात मारून हसला. एक, दोन, तीन, चार आणि आठ, असे पाच आकडे त्याला लहानपणापासून पाठ होते. म्हणून त्याने मशीनला पाचातला कुठलाही एक उचलायला सांगितलं होतं. चार फाका एकदम काळ्या किती क्वचित पडतात, ते त्याच्या हाताला माहीत होतं, पण प्रोग्रॅममध्ये हात नव्हता.

“दहा मिनिटांचं काम आहे,” तो म्हणाला. “चार वेळा काळा-पांढरा काढायचा आणि बेरीज करायची. थांब.” आणि त्याने खरंच दहा मिनिटांत दुरुस्त केलं. नंतरच्या शंभरात आठ सात वेळा आले.

माझा मुद्दा संपला. इतक्या मेहनतीने गोळा केलेलं कारण दहा मिनिटांत हातातून गेलं, आणि नावाडीण अजून बुडालेलीच होती.

“दोर?” मी विचारलं.

“घालतो ना. चौथा पर्याय.”

“तिने उद्या दुसरं काही विचारलं तर?”

“पाचवा.” मग तो खुर्चीतून माझ्याकडे वळला. तो वाईट मुलगा नव्हता, हे सांगायला हवं. “तुला नक्की काय पाहिजे?”

मी म्हटलं, काही नाही, आणि कागद घडी करून वहीत ठेवला. घरी जाताना रस्ताभर खऱ्या उत्तराचं वाक्य जुळवत होते. मला सामान लक्षात ठेवणारं मशीन हवं होतं. ते माझ्यापेक्षा चांगलं लक्षात ठेवत होतं. फाका मशीनने टाकायलाही माझी हरकत नव्हती, आता तर ते बरोबर टाकत होतं. पण “पानी चढतंय का उतरतंय” हा प्रश्न विचारायला समोर कोणीतरी माणूस लागतं, ज्याला उत्तर माहीत नाही आणि जे तरी उत्तर देतं. तिथे मी बसायचे. ती जागा मी स्वतःहून सोडली होती, बोलायला नको म्हणून. तिचा दोर मशीनने नव्हता कापला.

शुक्रवारी मी कोल्हारच्याला गाठलं. त्याला म्हटलं, पुणतांब्याचीला उद्या थांबायला सांग.

“तूच सांग की, म्याडम.”

“तुझं ऐकते ती.”

“माझं माझी म्हस ऐकत न्हाई.” तरी तो तिच्या वर्गाच्या दारात गेला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, “अय नावाडनी, बुडालीस ती बुडालीस, उद्या सुतकाला तरी ये. जल्माला यायला कुनी बोलवत न्हाई, मयताला बोलवतोय तर यावं मानसानं.”

“गाडी हाय माझी,” ती म्हणाली.

“गाडी रोज हाय. सुतक एकदाच.”

ती हसली, पण येते म्हणाली नाही.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर आम्ही तिघं कॉम्प्युटर रूममध्ये गेलो. सर होते. गॅदरिंग दोन दिवसांवर आलं होतं आणि सरांना पूर्ण डाव बघायचा होता. मी चप्पल बाहेर काढताना रांगेत तिची चप्पल शोधली. नव्हती. मी पडद्यासमोर बसले. चांदण्यांची चौकट आली. मग प्रत्येकाची माहिती आली, व्यापारी, लोहार, आणि तिसऱ्या नावापुढे DEAD, म्हणजे मृत.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. ती दारातच उभी राहिली, पिशवी खांद्याला, चप्पल हातात. गाडी धरायची वेळ अजून टळली नव्हती.

“या, या,” सर म्हणाले. “तुमची व्यक्ती मेली ना? नवीन बनवा. हं, टाका नाव,” हे मला. “पटकन. पाहुण्यांना आपण हेच दाखवू, एक जण गेला तरी मिनिटात दुसरा तयार.”

पडद्यावर नावासाठी रिकामी जागा होती आणि तिथे हिरवा ठोकळा लुकलुकत होता. बेलापूरच्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तेव्हा त्याला थोडंफार कळलं होतं.

वीज गेली असती तर सगळं सोपं झालं असतं. त्या दिवसांत ती रोज जायची, त्या दुपारी गेली नाही. पंखा फिरत होता, मशीन बारीक आवाज करत होतं, ठोकळा लुकलुकत होता.

“नाव?” सरांनी परत विचारलं. मग तिच्याकडे बघून, “सांगा ना त्यांना नाव.”

“मला नाव न्हाई सुचत सर,” ती म्हणाली. “मी जाते. गाडी हाय.”

मी खुर्ची मागे सरकवली. त्या खोलीत फरशी गुळगुळीत होती, खुर्ची जरा जास्तच मागे गेली आणि भिंतीला लागली. मी उठून पडद्याकडे पाठ केली. समोर चौघं होते आणि चौघंही माझ्याकडे बघत होते. मी पिशवीतून वही काढली. पानं आधीच दुमडून ठेवली होती, तरी पान सापडायला वेळ लागला. सर म्हणाले, “वही कशाला आता?”

मी वाक्य रस्ताभर जुळवलं होतं, रात्री झोपायच्या आधी वहीच्या शेवटच्या पानावर लिहूनही ठेवलं होतं, चांगल्या, शुद्ध मराठीत. त्यातला एकही शब्द मला आठवला नाही.

“सर, प्रोग्रॅम प्रदर्शनात ठेवा,” मी म्हटलं. “चांगला आहे तो. सामान त्यालाच लिहू दे, माझं चुकतं. पण खेळ मी सांगणार. कँटीनमागे, पहिल्यासारखा. आणि ही मेलेली नाही. इथे लिहिलंय.”

“अहो, पण मशीनमध्ये ती—”

“मशीनला मी सांगितलं नव्हतं. ती माझी चूक.”

सरांनी बेलापूरच्याकडे बघितलं, हा प्रोग्रॅम त्याचा, तोच काय ते बोलेल म्हणून. बेलापूरचा पुढे झाला, माझ्या रिकाम्या खुर्चीवर बसला, दोन-तीन कळा दाबल्या, आणि DEAD हा शब्द मागून एकेक अक्षर पुसला गेला.

कोल्हारच्याने खिशातून काड्यापेटी काढली. आत चार फाका होत्या. त्या तो बरोबर घेऊनच आला होता. त्याने ती माझ्यासमोर धरली, पण मी घेतली नाही. मी तिच्याकडे गेले, दारापर्यंत. तिने चप्पल अजून हातातच धरली होती, आणि ती जाणार की थांबणार हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळत नव्हतं. मला तिची माफी मागायची होती, तीही मी लिहून ठेवली होती. ती नंतर मागितली, कँटीनमागे, बऱ्याच दिवसांनी. त्या क्षणी, दारात, मला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं, जे विचारायला मी वर्षभर दर शनिवारी बसत होते. वहीवर बोट ठेवून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले:

“नाव उलटली आहे, पण दोर तुटलेला नाही. त्याचं एक टोक तुझ्या हातात आहे. पाणी चढतंय का उतरतंय, ते तूच सांग. आणि मग सांग, तू काय करतेस?”